पंचवीसपटीचा हिशेब आला कुठून?

वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी जमली की नोकरी सोडायला हरकत नाही, हा आडाखा लवकर निवृत्त होऊ पाहणाऱ्यांना आता तोंडपाठ असतो. ज्याच्या अभ्यासातून तो निघाला, त्याच्या डोळ्यांसमोर मात्र चाळिशीतला माणूस नव्हता.

अमेरिकेत पूर्वी अनेक मोठ्या कंपन्या हयातभर निवृत्तिवेतन देत. पैसा पुरेल का, ही काळजी कंपनीची. १९७८ च्या करकायद्यात ४०१ (के) हे कलम आले, म्हणजे नोकरदाराने पगारातून स्वतःच निवृत्तीसाठी पुंजी साठवण्याची सोय, आणि पुढच्या काळात ती काळजी हळूहळू नोकरदाराच्याच गळ्यात पडली. हातात एकरकमी पुंजी, पण ती किती वर्षे पुरवायची याचा पत्ता नाही! त्यावर सोपा सल्ला असे: सरासरी परताव्यातून महागाई वजा करा, उरेल तेवढे दरवर्षी खुशाल काढा.

विल्यम बेंगेन यांनी तो तपासून पाहिला. शिक्षण विमान आणि अंतराळ अभियांत्रिकीचे, मग घरचा शीतपेयांचा धंदा आणि त्यानंतर आर्थिक सल्लागारी, असा त्यांचा प्रवास. १९९४ च्या लेखात त्यांनी १९२६ पासूनचे अमेरिकी आकडे घेऊन प्रत्येक वर्षी एक काल्पनिक माणूस निवृत्त केला. पुंजी शेअर आणि सरकारी रोख्यांत. पहिल्या वर्षी ठरावीक टक्के रक्कम काढायची, पुढे महागाईइतकी वाढवत न्यायची.

सरासरी कशी फसवते, ते त्यात उघडे पडले. दोघांचा तीस वर्षांचा सरासरी परतावा अगदी सारखा असला, तरी पडझड ज्याच्या वाट्याला सुरुवातीलाच येते त्याची पुंजी आधी आटते. पडत्या भावात शेअर विकून त्याला घर चालवावे लागते, आणि बाजार सावरतो तेव्हा ते शेअर त्याच्याकडे उरलेले नसतात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांचे हेच झाले: १९७३-७४ ची घसरण आणि वर चढती महागाई. तरीही ४ टक्क्यांनी काढलेली पुंजी कोणत्याही काळात ३३ वर्षांच्या आत संपली नव्हती. १०० ला ४ ने भागले की २५.

१९९८ मध्ये टेक्ससमधल्या ट्रिनिटी विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांनी १५ ते ३० वर्षांच्या मुदती धरून असाच अभ्यास केला. चार टक्क्यांचा ‘नियम’ झाला तो साधारण तिथून. (बेंगेन यांनी स्वतः तो आकडा नंतर वाढवत ४.७ पर्यंत नेला.)

लवकर निवृत्तीची कल्पना वेगळ्याच वाटेने आली. जो डोमिंगेझ नावाचे गृहस्थ १९६९ मध्ये, एकतिसाव्या वर्षी वॉल स्ट्रीटवरची, म्हणजे न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातली, नोकरी सोडून बाहेर पडले. ते काटकसरीने राहत आणि त्यांची भिस्त सरकारी रोख्यांच्या व्याजावर होती. मुद्दल खायचा प्रश्नच नव्हता. काटकसरीचा हा विचार आणि बेंगेन यांचा आकडा यांची सांगड पुढच्या पिढीने घातली. मग पगारापेक्षा बचतीचा दर मोठा ठरला. शून्यापासून सुरुवात आणि महागाई वजा जाता ५ टक्के परतावा धरला, तर मिळकतीचा दहावा हिस्सा वाचवणाऱ्याला २५ पट गाठायला ५१ वर्षे लागतात, निम्मा वाचवणाऱ्याला १७.

या सांगडीत मुदत मात्र निसटली. पासष्टीच्या माणसाला तीस वर्षे पुरेशी. चाळिशीतल्याला पन्नास लागू शकतात. म्हणून सावध माणसे ३ टक्केच धरतात, म्हणजे सुमारे ३३ पट. निम्मी मिळकत वाचवणाऱ्याला त्यासाठी १७ ऐवजी २० वर्षे नोकरी करावी लागते.