दूधसागरच्या पुलापासून कुजक्या ओंडक्यापर्यंत

आश्विन लागला की गोव्यात पाऊस परतीच्या वाटेवर असतो. दुपारी ऊन चटके देतं, संध्याकाळी गडगडाट करत एखादी सर येते आणि भातकापणीची तारांबळ उडवून जाते. अळम्यांचा, म्हणजे रानात उगवणाऱ्या खाण्याच्या भूछत्र्यांचा, हंगाम तोवर सरलेला असतो. तरीही गेली काही वर्षं याच दिवसांत सत्तरी, मोले, नेत्रावळीच्या रानांत पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी आणि हातात टॉर्च घेतलेली मुलं-मुली दिसतात. कुणी कुजक्या लाकडावरची बुरशी शोधत असतं, कुणी पानाआडचा बेडूक, कुणी फांदीवर निपचित पडलेला मलबारी चापडा हा विषारी साप. आपल्या कॅमेऱ्याला इतकं खाली वाकायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पणजीत सौझा अँड पॉल यांचा फोटो स्टुडिओ होता. त्या काळचा कॅमेरा इमारतींकडे, रस्त्यांकडे आणि मोठ्या माणसांकडे बघायचा. १८८८च्या सुमारास मुरगाव बंदर घाटमाथ्याशी जोडणारी रेल्वे सुरू झाली आणि दूधसागरसमोरचा पूल हे गोव्यातल्या रानाचं कायमचं चित्र होऊन बसलं. धबधबा, पूल, धूर सोडणारी गाडी. रान मागे पडद्यासारखं. दोष एकट्या नजरेचा नव्हता म्हणा. काचेच्या प्लेटा घेऊन दाट झाडीच्या अंधारात बोटभर जीव टिपणं जवळपास अशक्यच होतं.

बुरशी मात्र इथल्या माणसांना कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, आणि रोयण म्हणजे सातेरी या देवीचं रूप. कित्येक देवळांत गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळच पुजलं जातं. याच रोयणीतून पावसाळ्यात अळमी वर येतात. वाळवी जमिनीखाली कुजक्या पाल्याचे, लाकडाचे स्पंजासारखे मळे करते, त्यांवर बुरशी वाढवते आणि तीच खाते. पाऊस मुरला की त्या मळ्यातून लांबलचक देठ माती फोडून वर येतो आणि छत्री उघडते. वाळवीच्या घरातल्या या छत्र्यांबद्दल योहान कोनिग या निसर्गअभ्यासकाने तंजावरच्या भागातून १७७९ साली लिहून ठेवलं होतं. त्यांच्या प्रजातीला टर्मिटोमायसिस हे नाव १९४२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी दिलं. आपल्या आज्यांना त्या नावाची गरज नव्हती. कुठली रोयण कोणत्या पावसाला फुटते ते त्यांना माहीत होतं, आणि ती जागा घराबाहेर सांगायची नाही हेही. अळमी पानात गुंडाळून रस्त्याकडेला विकायला बसलेल्या बाईला 'खंय मेळ्ळीं?' (कुठे मिळाली?) विचारा, 'रानांत' एवढंच उत्तर मिळतं.

रानाला कायद्याचं कुंपण आलं ते गोवा पोर्तुगिजांपासून मुक्त झाल्यानंतर. मोले, बोंडला, खोतीगाव ही अभयारण्यं १९६०च्या दशकाच्या अखेरीस झाली, मोलेचा गाभा १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झाला. १९९९ साली राष्ट्रपती राजवटीच्या काळात राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांनी म्हादई आणि नेत्रावळी ही दोन मोठी अभयारण्यं जाहीर केली. त्यानंतर सह्याद्रीच्या या पट्ट्यातून नवनवे जीव विज्ञानाच्या वहीत येत गेले. २००७ साली गोवा आणि म्हादई यांची नावं दोन देवगांडुळांना, म्हणजे गांडुळासारख्या दिसणाऱ्या बिनपायाच्या उभयचरांना, मिळाली, २०१५ साली एका बेडकाला 'गोमंतकी' हे नाव मिळालं. चिखलातल्या जिवाला आपल्या भूमीचं नाव मिळतं, याचा मला आजही मनापासून आनंद होतो.

कॅमेरा बदलला तो याच काळात. स्लाइड फिल्मची उजेड टिपण्याची संवेदनशीलता (आयएसओ) ६४ किंवा १००, म्हणजे फारच कमी. झाडीत शटर कित्येक सेकंद उघडं ठेवावं लागे, आणि वेळ लांबली की रंगच बिघडत. डिजिटल सेन्सरने ती अडचण दूर केली. रात्री उजळणारी बुरशी तर त्यामुळेच सगळ्यांपर्यंत पोचली. मोले आणि म्हादईच्या रानात मायसिना प्रजातीतली ही बारीक छत्री ओल्या काटक्यांवर उगवते. टॉर्च विझवून दहा मिनिटं बसायचं. आधी काहीच दिसत नाही, कानाशी डास, पायाला जळू. मग काटकीवर राखाडी धुक्यासारखं काहीतरी उमटतं. डोळ्याला ते हिरवं दिसत नाही, इतक्या मंद उजेडात आपल्याला रंग कळतच नाहीत. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त शटर उघडं ठेवलं की पडद्यावर हिरवी रेघ येते. वरून एक थेंब पडून काटकी हलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

२०२०मध्ये हे फोटो नुसत्या छंदाचे राहिले नाहीत. मोलेतून वीजवाहिनी, रुंद महामार्ग आणि रेल्वेचा दुसरा मार्ग नेण्याच्या प्रस्तावांविरुद्ध 'आमचें मोले' चळवळ उभी राहिली, तेव्हा मुलांनी रानातले जीव चित्रांतून, फोटोंतून घराघरांत पोचवले. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. ज्या लोहमार्गापाशी कॅमेऱ्याला फक्त पूल दिसायचा, त्याच्याच कडेचा बेडूक आणि बुरशी आता लोकांना नावाने माहीत झाली होती.

पण फोटो जागाही सांगतो. एका पावसाळ्यात आमच्यातल्याच कुणीतरी उजळणाऱ्या ओंडक्याचा फोटो वाटेच्या खुणांसकट पाठवला. दोन आठवड्यांनी मी गेलो तर भोवतालची रोपं तुडवलेली, साल सोललेली, ओंडका उलटा पडलेला. खालची बाजू उन्हाने वाळून पांढरी झाली होती. त्यानंतर मी फोनमधलं लोकेशन बंद केलं, आणि फोटोखाली आता तालुक्याचं नावसुद्धा लिहीत नाही.