लिपो की लिथियम-आयन? दोन्ही 'लिथियम', पण काम वेगळं

उसाच्या पाहणीसाठी छोटा ड्रोन घेतलेले वाळवा-पलूसकडचे मित्र हमखास विचारतात, "दोन्ही बॅटऱ्यांवर लिथियमच लिहिलंय, मग कुठली पण बसव की!" बसते, उडतेसुद्धा. घात होतो तो नंतर.

आतलं रसायन जवळपास एकच. भरलेला सेल दोन्हीकडे ४.२ व्होल्ट. लिपो म्हणजे लिथियम-पॉलिमर, चपटी, मऊ पाकिटातली. लिथियम-आयनचे सेल नळकांड्यातले. २१७०० हे त्यातलं एक माप, म्हणजे २१ मिलिमीटर जाड, ७० मिलिमीटर लांब. चार सेलची ५००० एमएएचची लिपो साधारण ५०० ग्रॅम भरते, तेवढीच लिथियम-आयन ३०० च्या आसपास. ओझं कमी, म्हणून ड्रोन जास्त वेळ हवेत राहतो.

पण विहिरीत पाणी किती हे एक, आणि पाइप किती इंची हे दुसरं. एमएएच म्हणजे साठा, विहिरीतलं पाणी; सी-रेटिंग म्हणजे एका वेळी किती करंट देता येतो ते, पाइप. २५ सी लिहिलेली ही लिपो कागदावर साठ्याच्या (५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-तास) २५ पट, म्हणजे १२५ अँपिअर देते. २१७०० चा सेल जातीप्रमाणे १० ते ३५ अँपिअर. हलक्या ड्रोनला संथ घिरट्यांसाठी आठ-दहा अँपिअर पुरतात. वारा सुटला, तुऱ्याला लागेल म्हणून झटक्यात थ्रॉटल दिला, की मागणी एकदम चौपट होते, व्होल्टेज कोसळतं आणि ड्रोन खाली. माझा असाच पडला. दोन तास सरीतून पाचट तुडवत शोधला, पानांनी हात चिरले. सापडला तेव्हा बॅटरी निम्मी भरलेलीच होती.

व्होल्टेज उतरल्यावर वाजणारा अलार्मही बदला. लिपोला प्रति सेल ३.५ व्होल्टला परत बोलवतात. लिथियम-आयन ३ पर्यंत चालते. अलार्म जुनाच ठेवला तर वजनात कमावलेला वेळ तिथंच जातो.

शेतातली लाइट बऱ्याचदा रात्रीची, म्हणून राखीव बॅटरी लागतेच. लिपो पूर्ण भरून ठेवू नका, प्रति सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेली भरलेली लिपो पुरीसारखी फुगते, आणि फुगलेली पुन्हा ड्रोनला लावायची नाही, कितीही महाग असो.

तासगावच्या द्राक्षबागेत टाकी घेऊन फवारणारा ड्रोन असेल तर लिपोच. मोकळ्या रानावरून सावकाश नकाशा काढायचा असेल तर लिथियम-आयन. मी एक मोठा लिथियम-आयन पॅक बांधावरच ठेवतो. तिथं त्याला उडायचं नसतं, झटका द्यायचा नसतो. त्याच्यावर लिपो भरून घ्यायच्या.