बागेसाठी शेततळं: अनुदान कोणाला मिळतं, कागद कोणते लागतात

फळबाग लावणं एकवेळ जमतं, पण एप्रिल-मेमध्ये विहिरीने तळ गाठला की ती जगवणं जड जातं. त्यामुळे मोसंबी-डाळिंबवाल्यांनी 'मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजने'तलं वैयक्तिक शेततळं जरूर विचारात घ्यावं. अनुदान कमाल 75,000 रुपये. ते तळ्याच्या आकारमानावर ठरतं: 15 × 15 × 3 मीटरपासून 34 × 34 × 3 मीटरपर्यंत.

अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर कोकणात किमान 0.20 हेक्टर, इतरत्र 0.40 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन हवी. याआधी कुठल्याही सरकारी योजनेतून शेततळं घेतलं असेल तर पुन्हा मिळत नाही.

अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर करायचा. त्यासाठी आधी शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या. सातबारा, आठ-अ, आधारशी जोडलेलं बँक खातं आणि हमीपत्र लागतं. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना जातीचा दाखलाही. जमिनीचं खातं सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र आत्ताच सह्या घेऊन तयार ठेवा. भाऊबंद पुण्या-मुंबईला असले की याच एका कागदापायी अर्ज लटकतो.

अर्ज भरताना आकारमान निवडावं लागतं, आणि तिथे घाई नको. 30 × 30 × 3 मीटरच्या तळ्यात 2,700 घनमीटर पाणी मावेल असं वाटतं. पण बाजू उतरत्या असतात. 1:1 उतार धरला तर प्रत्यक्षात 2,196 घनमीटर, म्हणजे 22 लाख लिटरच्या आतच. त्यातलंही काही झिरपतं, काही उन्हाने उडतं. झाडांची उन्हाळ्यातली गरज मांडूनच आकार ठरवा, कारण मंजूर आकाराचंच तळं खोदणं बंधनकारक आहे. आणि खिसाही बघा: आगाऊ रक्कम मिळत नाही, मशीनवाल्याचे पैसे आधी आपणच भागवायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पूर्वसंमती हातात येईपर्यंत एक बकेटही माती काढू नका. ओळखीचा पोकलेन शेजारच्या शिवारात आलाय म्हणून खोदून घेतलं, तर ते तळं अनुदानात बसत नाही. निवड झाली की कृषी विभागाचे कर्मचारी जागा पाहतात, आखणी करून देतात, मग कार्यारंभ आदेश निघतो. तिथून तीन महिन्यांत काम पुरं करायचं. मोजमाप झालं की रक्कम थेट खात्यात जमा होते.

जागा दाखवताना आपणही डोळसपणे बघावं. जिथे पावसाचं पाणी आपसूक वाहत येतं आणि जमीन पाणी धरते, ती जागा चांगली. ओढ्याच्या पात्रात तळं नको, पहिल्याच पुरात गाळाने भरेल. पाणी आत येतं तिथे गाळ अडवायची सोय आणि पुढची डागडुजी हे सगळं शेतकऱ्याकडेच असतं. तळं झाल्यावर सातबाऱ्यावर त्याची नोंदही करून घ्या.

मुरमाड जमिनीत अस्तरीकरणाशिवाय, म्हणजे तळ्यात आतून प्लॅस्टिक अंथरल्याशिवाय, पाणी टिकणार नाही. त्याचं अनुदान याच योजनेत आहे, पण वेगळा घटक म्हणून, अर्जही वेगळा. प्लॅस्टिक अंथरलंत तर चारही बाजूंनी कुंपण घाला आणि काठाला घट्ट बांधलेले दोर आत सोडून ठेवा. ओल्या प्लॅस्टिकवरून पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही.