वेब-एसडीआर रिसिव्हर : जुळणी आणि दोषशोध

वेब-एसडीआर म्हणजे ब्राउझरमधून चालवता येणारा रेडिओ रिसिव्हर (एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ). अँटेना कुठल्याशा गच्चीवर, ऐकणारा भलतीकडेच. अँटेनातून आलेल्या लहरींचे एकदा आकडे झाले की स्टेशन लावणे, गाळणे, आवाज सोडवणे ही कामे संगणक करतो. जुन्या रेडिओत ती कॉइल आणि गँग कंडेन्सरकडे असत. म्हणूनच एका अँटेनावर दहा जण एकाच वेळी दहा वेगवेगळी स्टेशने ऐकू शकतात. पडद्यावर वर स्पेक्ट्रमची रेघ आणि तिच्याखाली सरकणारा रंगीत ‘वॉटरफॉल’ दिसतो. दोष शोधताना कानापेक्षा हा वॉटरफॉलच जास्त कामी येतो.

हा प्रकार नेदरलँड्समध्ये रुजला. ड्विंगेलो येथील २५ मीटर व्यासाच्या जुन्या रेडिओ दुर्बिणीवर चंद्रावरून परतणारे हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांचे, संदेश इतरांनाही ऐकता यावेत, या इच्छेतून ट्वेन्टे विद्यापीठातील पीटर-त्येर्क डे बूर यांनी ‘वेबएसडीआर’ लिहिले. ट्वेन्टेचा रिसिव्हर शून्यापासून २९.१६ मेगाहर्ट्झपर्यंतचा सगळा पट्टा एका पानावर देतो. पुढे हंगेरीच्या आंद्राश रेट्झलर यांचे ‘ओपनवेबआरएक्स’ आले. २०१९ मध्ये ते त्यातून बाजूला झाल्यावर याकोब केटर्ल यांनी काम पुढे नेले. २०१६ मध्ये लोकवर्गणीतून ‘किवीएसडीआर’ उभा राहिला. ही १० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झची तयार पाटी असून रिसिव्हर, जीपीएस आणि वेब सर्व्हर तिच्यातच असतात. घरगुती मांडणीत सर्वाधिक दिसते ती मात्र आरटीएल२८३२यू चिपची छोटी डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा रिसिव्हर. मुळात ती टीव्ही बघण्यासाठी बनली. २०१२ च्या सुमारास तिच्यातून कच्चे आकडे बाहेर काढता येतात हे लक्षात आले आणि हौशी लोकांच्या टेबलावर ती कायमची बसली. आजही लॅमिंग्टन रोडला कनेक्टर आणि केबल घेताना डोंगलचा विषय निघतोच.

मुंबईत रेडिओची हौस नवी नाही. ‘रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे’ने १९२३ मध्ये इथूनच प्रसारण केले होते. पण शंभर वर्षांपूर्वी शहर रेडिओच्या दृष्टीने शांत होते. आज मुंबईत वेब-एसडीआर लावणाऱ्याला दोन उलट्या अडचणी एकदमच भेटतात. जवळची स्टेशने इतकी जोरात येतात की रिसिव्हर दबून जातो, आणि इमारतीचा गोंगाट इतका की दूरची स्टेशने त्यात बुडतात. दोन्ही वेळा पडद्यावरचे चित्र साधारण सारखेच, म्हणजे सगळीकडे पिवळा-लाल चिखल. नवखा माणूस तो सेटिंगच्या पानावर पुसत बसतो. वास्तविक तो चिखल बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये नसतोच.

आधी जोरदार स्टेशनांचे बघू. आकाशवाणीच्या मुंबईतील मध्यम लहरी म्हणजे मुंबई ‘ब’ची ५५८, मुंबई ‘अ’ची १०४४ आणि विविध भारतीची ११८८ किलोहर्ट्झ. (तिन्ही आकडे नवाने भागले जातात, कारण आपल्याकडे मध्यम लहरींच्या स्टेशनांत ९ किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात. अनोळखी रेघ नवाच्या पाढ्यात बसत नसेल तर ती स्टेशन नसण्याचीच शक्यता जास्त.) प्रक्षेपण केंद्र मालाडला असल्याने मालाड-कांदिवलीकडे लांब तारेची अँटेना लावली की रिसिव्हर ओव्हरलोड होण्याची चिन्हे लगेच दिसतात. ११८८ ची तिप्पट होते ३५६४, आणि ती थेट हॅमच्या ८० मीटर पट्ट्यात पडते. १०४४ च्या दुपटीतून ११८८ वजा केले की ९०० उरतात, ११८८ च्या दुपटीतून १०४४ वजा केले की १३३२. या जागांवर एकावर एक चढलेली दोन स्टेशने ऐकू आली तर ती हवेत असतीलच असे नाही. तुमच्या रिसिव्हरनेही ती जन्माला घातलेली असू शकतात.

याची खात्री करायचा उपाय दहा मिनिटांचा आहे. अँटेना आणि रिसिव्हर यांच्यामध्ये लहरी कमजोर करणारा १० डेसिबलचा अटेन्युएटर घाला. खरे स्टेशन १० डेसिबलनेच उतरेल. वर सांगितल्यासारखे रिसिव्हरच्या आत तयार झालेले ‘तिसऱ्या क्रमाचे’ मिश्रण मात्र सुमारे ३० डेसिबलने कोसळेल, बहुधा दिसेनासेच होईल. तसे झाले तर मध्यम लहरी अडवणारा हाय-पास फिल्टर घ्यावा. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधल्या एफएमच्या गर्दीसाठी तेवढाच पट्टा अडवणारा वेगळा नॉच फिल्टर लागतो. फिल्टर नेहमी प्रीअँप्लिफायरच्या आधी लावावा. अँप्लिफायर आधी ठेवला तर तोच दबतो आणि मागच्या फिल्टरच्या हाती काही राहत नाही.

गेनचे, म्हणजे लहरी किती वाढवायच्या त्या सेटिंगचेही तेच. आरटीएल डोंगलचा गेन ४९.६ डेसिबलपर्यंत चढतो आणि बहुतेक जण तो तिथवर चढवतात. शहरात ही सवय घातक. अँटेनाची वायर काढा, खालची गोंगाटाची रेघ कुठे आहे ते पाहा, वायर परत लावा. रेघ सहा ते दहा डेसिबलने वर आली म्हणजे गेन पुरेसा झाला. त्यापुढची प्रत्येक पायरी फक्त ओव्हरलोड जवळ आणते. किवीच्या पानावर ‘ओव्ही’ (ओव्हरलोड) ही अक्षरे लाल झाली तर निर्णय आधीच झालेला असतो.

डोंगलवरून ‘डायरेक्ट सॅम्पलिंग’ने (ट्यूनर टाळून लहरी थेट चिपला देऊन) शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्यांसाठी एक जादा फसगत आहे. चिपचे घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचे, त्यामुळे चित्र १४.४ मेगाहर्ट्झवर कागदासारखे दुमडते. १४.६ वरचे स्टेशन १४.२ वर दिसते आणि माणूस चक्रावतो. २०२३ मध्ये आलेल्या ‘व्ही४’ डोंगलमध्ये लहरी वर सरकवणारी सोय असल्याने हा प्रकार टळतो, मात्र तिला नवा ड्रायव्हर लागतो. जुन्या ड्रायव्हरवर ती ओळखली जाते, पण हवे ते लागत नाही.

आता इमारतीचा गोंगाट. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, वाय-फाय राउटरचा अडॅप्टर, लिफ्टच्या मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी ड्राइव्ह, गच्चीवरच्या टाकीचा पंप यांतले प्रत्येक जण वॉटरफॉलवर आपली सही करतो. चार्जर-अडॅप्टरमधल्या स्विचिंग पुरवठ्याच्या रेघा ठरावीक अंतरावर उभ्या असतात, गरम झाल्या की हळूहळू सरकतात आणि कडेने केसाळ दिसतात. खऱ्या स्टेशनचा कॅरियर (मूळ लहर) सरळ सुरीसारखा असतो. लोकलच्या २५ किलोव्होल्टच्या तारेवर पेंटोग्राफची ठिणगी उडाली की आडवा पट्टा क्षणभर सगळ्या बँडवर उमटतो, पावसात जास्तच. अशा टकटकीवर नॉइज ब्लँकर (क्षणिक आवाज गाळणारी सोय) चालतो. चार्जरच्या रेघांवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

चोर घरातला की शेजारचा हे ओळखायला रिसिव्हर आणि त्याला जोडलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक पॉवर बँकेवर चालवावेत, फोनच्या हॉटस्पॉटवर वॉटरफॉल उघडावा आणि घरचा मेन स्विच पाडावा. रेघा गेल्या तर एकेक एमसीबी वर करत जायचे. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर... कुठल्यातरी खटक्याला रेघा परत उभ्या राहतात. सणाला लावलेली आणि नंतर काढायची राहिलेली दिव्यांची माळ अशा वेळी हमखास सापडते. मेन स्विच पाडूनही चित्र तसेच राहिले तर उपाय सोसायटीच्या मीटिंगमध्ये आहे, सेटिंगच्या पानावर नाही. मधला मार्ग म्हणजे फेराइटची कडी. केबलचे दहा-बारा वेढे तिच्यातून घेतले की केबलच्या बाहेरच्या जाळीवरून चढत येणारा गोंगाट अडतो. ट्वेन्टेच्या गच्चीवर उत्तम चालणारा ‘मिनी-व्हिप’ (छोट्या दांडीची अँटेना) गिरगावातल्या गॅलरीत निकामी ठरतो तो यामुळेच. केबलची जाळी हाच त्याचा अर्धा भाग असतो, आणि ती घरातल्या अर्थिंगला जोडलेली. छोटी फिरवता येणारी लूप अँटेना तिथे बरी, कारण गोंगाटाच्या दिशेला तिची बहिरी बाजू करता येते.

संगणकाच्या बाजूचे दोष तुलनेने सोपे. लॉगमध्ये यूएसबी क्लेमची ‘-६’ त्रुटी दिसली तर लिनक्सने डोंगलला टीव्ही समजून तिच्यावर ताबा घेतला आहे. तो टीव्हीचा डीव्हीबी ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करून यंत्र पुन्हा सुरू केले की काम होते. आवाज तुटत असेल तर आधी वीजपुरवठा पाहावा. रास्पबेरी पाय ४.६३ व्होल्टखाली गेला की इशारा देतो आणि वेग कमी करतो. रस्त्यावरच्या स्वस्त चार्जरवर व्होल्टही कमी मिळतात आणि वॉटरफॉलवर रेघाही उमटतात, म्हणजे एकाच वस्तूत दोन दोष. सेकंदाला २४ लाख नमुन्यांवर डोंगल यूएसबीतून ३८ मेगाबिटच्या वर ओतते, म्हणून ती हबमध्ये पेन ड्राइव्हच्या शेजारी बसवू नये. स्टेशन जागेवर नसेल तर पीपीएम (दहा लाखांत किती चूक) दुरुस्ती करावी, पण मध्यम लहरींवर नव्हे. ५० पीपीएमची चूक १०४४ किलोहर्ट्झवर जेमतेम ५२ हर्ट्झ दिसते, तर १४५ मेगाहर्ट्झवर सव्वासात किलोहर्ट्झ. मोजणी वरच्या फ्रिक्वेन्सीवर करावी.

सगळे घरात छान चालते आणि बाहेरून पान उघडत नाही, ही तक्रार मुंबईत नित्याची. राउटरवर ८०७३ पोर्ट उघडून झालेला असतो, फायरवॉलही तपासलेली असते. मग राउटरच्या पानावर डब्ल्यूएएनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल तर सेवा देणाऱ्याने अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवले आहे. याला सीजीनॅट म्हणतात आणि त्यात पोर्ट उघडणे म्हणजे चाळीच्या मुख्य दाराला कुलूप असताना आपल्या खोलीचे दार उघडे टाकणे. यावर पैसे भरून स्थिर पत्ता घ्यावा, आयपीव्ही६ वापरावे किंवा बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवरून वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढावा. मध्ये एन्जिनएक्स हा मध्यस्थ वेब सर्व्हर ठेवला असेल आणि पान दिसते पण वॉटरफॉल हलत नाही असे झाले, तर वेबसॉकेटचे (सतत चालू राहणाऱ्या जोडणीचे) ‘अपग्रेड’ हेडर पुढे जात नाही. आणि सगळे हलते पण आवाज नाही? पानावर एकदा क्लिक करावे. त्याशिवाय आजचे ब्राउझर आवाज सुरूच करत नाहीत.

किती श्रोते झेपतील याचा हिशेब अपलोडवर करायचा. ४०९६ ठिपक्यांची ओळ सेकंदाला नऊ वेळा, प्रत्येक ठिपका ४ बिटांत, म्हणजे वॉटरफॉलचे सुमारे १४७ किलोबिट. त्यात आवाजाचे ४८. माणशी २०० किलोबिट धरले तर वीस श्रोत्यांना ४ मेगाबिट लागतात. घरच्या फायबरला हे जड नाही. पायचा प्रोसेसर बहुधा त्याआधी धापा टाकतो.

पावसाळा हा स्वतंत्र विषय आहे. समुद्राची खारी हवा आणि पाऊस मिळून एका हंगामात कनेक्टर खातात. महिनोन्‌महिने थोडे थोडे बहिरे होत जाणे हे केबलमध्ये पाणी शिरल्याचे लक्षण. टोकाकडून वीतभर केबल कापून पाहावी. तांब्याची जाळी काळी पडली असेल तर कनेक्टर बदलून उपयोग नाही, केबलच बदलावी. सांध्यावर आपोआप चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच टपकते. मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये विजा कडाडतात तेव्हा अँटेना काढून ठेवणे हेच खरे संरक्षण. गच्चीपर्यंत जायचा कंटाळा डोंगलच्या किमतीत पडतो.

काय उघडे ठेवावे यालाही मर्यादा आहेत. बिनतारी यंत्र बाळगण्यावर भारतात १९३३ च्या कायद्यापासून परवान्याची चौकट आली. विमानतळाचे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमधले संभाषण किंवा पोलिसांचे चॅनेल जगाला ऐकवू नयेत. त्या पट्ट्यांचे प्रोफाइल बनवूच नये. प्रसारण केंद्रे आणि हॅम पट्टे एवढ्यावर वेब-एसडीआर पुष्कळ रंगतो.

शॉर्टवेव्हच्या गोंगाटाला कंटाळलेल्या मुंबईकराला एक वाट वरच्या बाजूने आहे. २५.९ अंश पूर्वेला स्थिर असलेल्या एस’हेल-२ उपग्रहावर क्यूओ-१०० हा हॅम ट्रान्सपाँडर (आलेले संदेश पुन्हा पृथ्वीकडे पाठवणारे यंत्र) आहे. मुंबईतून तो पश्चिमेकडे सुमारे ३३ अंश उंचीवर येतो, म्हणजे समोर टॉवर नसलेली पश्चिमेची गॅलरी पुरते. साधी डिश, पीएलएल असलेला (फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारा) एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसणारी पेटी, आणि डोंगल एवढ्यावर १०४८९.५ मेगाहर्ट्झपासूनचा अर्धा मेगाहर्ट्झ ऐकू येतो. एलएनबी त्यातून ९७५० वजा करतो, म्हणून डोंगल ७३९.५ वर लावायची आणि ओपनवेबआरएक्समध्ये ९७५० चे ऑफसेट भरायचे. नाहीतर पानावर चुकीचे आकडे दिसतात. सगळे जुळूनही वॉटरफॉल काळा राहिला तर डोंगलच्या बायस-टीवर (अँटेनाच्या केबलमधूनच वीज देणाऱ्या सोयीवर) विसंबलेले असण्याची शक्यता मोठी. तिथून साडेचार व्होल्टच मिळतात, आणि उभ्या ध्रुवणासाठी एलएनबीला तेराच्या आसपास लागतात. सेट-टॉप बॉक्सचा जुना पॉवर इन्सर्टर मध्ये जोडला, पण त्याचा व्होल्ट डोंगलकडे जाऊ दिला नाही, तर हा दोष तिथेच मिटतो.