साउंड मिक्सरच्या ४८ व्होल्टवर काय चालतं आणि काय नाही

स्टेजवर प्लग पॉइंट नसला की हमखास कोणीतरी विचारतं, मिक्सरला ४८ व्होल्टचं बटण (फँटम पॉवर, म्हणजे माईकच्याच वायरीतून माईकला वीज देण्याची सोय) आहे ना, मग वायरलेस माईकचा रिसीव्हर माईकच्याच वायरीवर चालवू या की! प्रश्न रास्त आहे, पण नुसते व्होल्ट बघून चालत नाही, करंट किती मिळतो ते बघावं लागतं, खरी गोम तिथेच आहे.

हे ४८ व्होल्ट एक्सएलआरच्या (माईकच्या तीन पिनांच्या प्लगच्या) २ आणि ३ नंबर पिनवर थेट येत नाहीत, प्रत्येक पिनच्या आधी ६.८ किलोओहमचा रेझिस्टर असतो, दोन्ही समांतर असल्यामुळे मिळून ३.४ किलोओहम. त्यामुळे पुढे सरळ शॉर्ट केलं तरी १४ मिलिअँपच करंट येतो, आणि ५ मिलिअँप ओढला की १७ व्होल्ट रेझिस्टरच खातो, हाती उरतात ३१. जास्तीत जास्त पॉवर मिळते ती २४ व्होल्ट आणि ७ मिलिअँपवर, म्हणजे ०.१७ वॅट! रिसीव्हरच्या अॅडॅप्टरवर १२ व्होल्ट, ३०० मिलिअँप लिहिलं असेल तर ते झाले ३.६ वॅट, म्हणजे २२ चॅनेलची पॉवर एकत्र करावी लागेल.

कंडेन्सर माईक, अॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटार, कीबोर्ड वगैरे मिक्सरच्या माईक इनपुटला जोडणारा डबा), डायनॅमिक माईकचा आवाज वाढवणारा छोटा बूस्टर हे मात्र मस्त चालतात, कारण त्यांना फक्त काही मिलिअँप लागतात. ही पद्धत १९६६ मध्ये नॉयमन या जर्मन माईक कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी केएम ८४ माईक बनवला तेव्हा आली, आणि तिथल्या स्टुडिओत इमर्जन्सी लाइटसाठी ४८ व्होल्ट आधीच होते म्हणून तोच आकडा ठरला. दोन्ही पिनवर सारखेच व्होल्ट असल्यामुळे साध्या डायनॅमिक माईकच्या कॉइलमधून करंट वाहतच नाही, त्याला कळतही नाही, हे मला आजही फार सुंदर वाटतं. रिबन माईकला (यात कॉइलऐवजी धातूची पातळ पट्टी असते) मात्र जपा, केबलमध्ये एक पिन शॉर्ट असेल तर करंट थेट त्या पातळ पट्टीतून जातो आणि पट्टी कामातून जाऊ शकते.

मी एका एक्सएलआर प्लगमध्ये पिन २ ते पिन १ (ग्राउंड) असा एक एलईडी सोल्डर केलाय, प्लस २ कडे. वेगळा रेझिस्टर लागत नाही, मिक्सरमधलाच पुरतो, साडेसहा मिलिअँपच्या आसपास करंट जातो आणि दिवा छान पेटतो. चॅनेल म्यूट करून तो वायरीच्या टोकाला लावला की स्टेजपर्यंत फँटम पोचतंय की नाही ते लगेच दिसतं.