जोर्वे: गाव, खापर की काळ?

नाशकात गोदाकाठच्या मातीच्या गढीवर 1950-51 च्या हंगामात उत्खनन झाले. त्याच हंगामात संगमनेरजवळ, प्रवरेकाठच्या जोर्वे गावातही कुदळ पडली. दोन्हींचा अहवाल 1955 साली एकाच खंडात आला. शीर्षकात नाशिक आधी, जोर्वे नंतर. तिथे उजेडात आलेल्या ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या) संस्कृतीला नाव मात्र जोर्व्याचे मिळाले. नाशिककरांना ते जरा टोचावे असेच आहे.

अशा जुन्या अहवालांतल्या नोंदी संगणकावर आणून एकमेकींना जोडायच्या, तर काय अडते? ब्रिटनने उत्खननाच्या नोंदींचे डिजिटल भांडार 1996 साली उभारले. वारसा-नोंदींची समान मांडणी 2006 मध्ये ‘आयएसओ 21127’ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या रूपात मान्य झाली आणि 2013 पासून युरोपातल्या देशोदेशीच्या नोंदी एका शोधखिडकीत आणायचे काम सुरू झाले. आपल्याकडचे उत्खननांचे वार्षिक आढावे 1953-54 पासूनचे. म्हणजे नाशिकचा हंगाम त्यांच्या आधीचा, आणि हाताशी मुख्य आधार त्या एका खंडाचाच.

तो खंड स्कॅन करणे सोपे. अडते ते ‘जोर्वे’ या शब्दावर. जोर्वे हे गाव आहे. जोर्वे ही खापराची जातही आहे: चाकावर घडवलेली, तांबड्यावर काळी नक्षी असलेली, टिचकी मारली की खणखणीत वाजणारी. जोर्वे संस्कृती आहे, तसा जोर्वे काळही. माणूस संदर्भाने ओळखतो. जोडलेल्या भांडारात मात्र या प्रत्येकाला वेगळा क्रमांक लागतो. तो दिला नाही, तर नाशकात सापडलेले जोर्वे खापर नकाशावर संगमनेरजवळ जाऊन बसते.

मराठीत आणखी एक गंमत आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननानंतर (1968 ते 1983) या काळाचे दोन भाग रूढ झाले. ढोबळमानाने इ.स.पू. 1400 ते 1000 हा पूर्व जोर्वे आणि तिथून इ.स.पू. 700 पर्यंत उत्तर जोर्वे. यातल्या ‘उत्तर’चा अर्थ नंतरचा. यंत्राने त्याची दिशा केली की सगळेच उलटते, कारण तापी-गोदेकडच्या बऱ्याच वस्त्या ओस पडल्यावर हा टप्पा मुख्यतः दक्षिणेला, भीमेच्या खोऱ्यात टिकला. उत्तर जोर्वे दक्षिणेत!

यावर निघालेला तोडगा मला पटतो. काळाची एकच व्याख्या सर्वांच्या गळी उतरवायची नाही. नाव, प्रदेश, सुरुवात-शेवट आणि ती व्याख्या कोणत्या अहवालातली, एवढे मिळून एक नोंद करायची. मग 1955 चे जोर्वे आणि इनामगावनंतरचे जोर्वे शेजारी शेजारी नांदतात. 1955 च्या नोंदी कार्बन-14 (अवशेषांचे वय मोजायची पद्धत) च्या आधाराशिवाय केलेल्या होत्या, त्या नंतरच्या तारखांनी पुसायचेही कारण उरत नाही.

गावाच्या नावाचेही तसेच. जुन्या अहवालावर नाशिकचे इंग्रजी स्पेलिंग ‘एच’विना आहे, आजचे ‘एच’सह. दोन्ही एकाच क्रमांकाला जोडली नाहीत, तर शोधणाऱ्याला गढी सापडते आणि तिचा अहवाल सापडत नाही.