रिलीज नोट्स (डिटा पद्धतीने)

सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत काय आले, काय बदलले, कोणते दोष गेले आणि कोणते अजून शिल्लक आहेत, हे सांगणारा दस्तऐवज म्हणजे रिलीज नोट्स. डिटा या एक्सएमएलवर (मजकुराच्या भागांना खुणा लावून तो साठवण्याच्या भाषेवर) उभ्या असलेल्या लेखनप्रणालीत त्या सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेच्याच स्रोतातून तयार करता येतात.

डिटा आयबीएममध्ये घडली आणि २००१ मध्ये जाहीर झाली. पुढे ती ओएसिस या मानक संस्थेकडे गेली व २००५ मध्ये तिची पहिली प्रमाणित आवृत्ती निघाली. तिच्यात मजकूर सलग प्रकरणांत नसतो. संकल्पना, कृती, संदर्भ अशा प्रकारांचे सुटे टॉपिक लिहितात आणि ते कोणत्या क्रमाने यायचे हे मॅप ठरवतो. एखाद्या ज्ञात दोषाचा इशारा एकदाच लिहायचा. कॉनरेफच्या, म्हणजे एका जागचा मजकूर दुसरीकडे संदर्भाने आणण्याच्या सोयीच्या, आधारे तो मार्गदर्शिकेत आणि रिलीज नोट्समध्येही येतो, आणि दुरुस्तीही एकाच जागी होते.

कोणता मजकूर ठेवायचा, कोणता गाळायचा हे डिटाव्हॅल फाइल सांगते. इथे एक घोटाळा नेहमी होतो. आवृत्ती नोंदवणारा ‘रेव्ह’ हा गुणधर्म बदललेल्या मजकुरावर खूण करण्यापुरता आहे, त्यावरून मजकूर गाळता येत नाही. गाळणीसाठी उत्पादन, वाचकवर्ग, प्लॅटफॉर्म असे वेगळे गुणधर्म वापरावे लागतात.

खरी सोय डिसेंबर २०१५ मधील डिटाच्या १.३ आवृत्तीने केली. तिच्यामुळे टॉपिकच्या प्रास्ताविक माहितीतच बदलाचा इतिहास ठेवता येतो: बदल कोणी केला, कधी, कोणत्या मागणीवरून, आणि त्याचा सारांश. प्रकाशनाच्या वेळी या नोंदी चाळून एकत्र करायच्या. त्यासाठी बहुधा स्वतःची एक्सएसएलटी (एक्सएमएल मजकुराचे रूपांतर करणारी आज्ञावली) लिहावी लागते, पण ते कष्ट सार्थकी लागतात. कारण बदल हातात असतानाच लिहिलेली ओळ शेवटच्या आठवड्यात आठवून लिहिलेल्या ओळीपेक्षा कितीतरी अचूक असते.

दोषनोंदीतले शीर्षक मात्र जसेच्या तसे उचलू नये. ‘नल पॉइंटर दुरुस्त केला’ हे प्रोग्रामरला पुरते. वापरणाऱ्याला ‘रिकामी फाइल उघडताच प्रोग्राम बंद पडत असे, आता पडत नाही’ असे सांगावे लागते. हे भान कोणतीही प्रणाली पुरवत नाही. शिवाय पुष्कळ दुरुस्त्यांमुळे मार्गदर्शिकेतले एकही वाक्य बदलत नाही. त्यांची नोंद ठेवायला मूळ टॉपिकच नसतो, म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र टॉपिक लिहून तो थेट रिलीज नोट्सच्या मॅपला जोडतात.